सिल्कसाँग येईपर्यंत: चौकटीच्या वहीतल्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

काम असं: 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा व्हिडिओ गेम येईपर्यंत त्याच घराण्यातले, म्हणजे 'मेट्रॉइडव्हेनिया' प्रकारचे गेम निवडून खेळायचे आणि प्रत्येकाचा नकाशा हाताने, चौकटीच्या वहीत काढायचा. वॉकथ्रू (पायरी-पायरीने उत्तर सांगणारं मार्गदर्शन) बघायचा नाही, विकी उघडायचं नाही. गेम स्वतः जो नकाशा देतो तो बघायला हरकत नाही; पण तो कधी दिला, कितीला दिला आणि किती लपवला, हे लिहून ठेवायचं. मी दिवसभर एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅडवर ड्रॉइंगं काढते. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा ड्रॉइंगच काढत बसणं हा घरच्यांना शुद्ध खुळेपणा वाटतो. वाटू दे.

वाट बघण्याचा इतिहास एकदा लिहून टाकते. ॲडलेडच्या टीम चेरी या स्टुडिओने २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 'हॉलो नाइट'साठी साधारण ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले. त्यातच एक आश्वासन होतं की हॉर्नेट या पात्राला घेऊनही खेळता येईल. मूळ गेम फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. हॉर्नेटचा भाग मात्र फुगत फुगत स्वतंत्र गेम झाला आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला त्याची घोषणा झाली. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात 'येत्या १२ महिन्यांत' खेळायला मिळणाऱ्यांत तो दाखवला. मे २०२३ मध्ये 'अजून वेळ लागेल' असं कळलं. त्यानंतर शांतता.

याच आठवड्यात टीम चेरीच्या विल्यम पेलनने सोशल मीडियावर स्वतःच्या फोटोच्या जागी केकचा फोटो लावला, आणि लोकांनी त्या केकच्या पाककृतीवरून रिलीजच्या तारखा काढल्या! शेवटी प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मॅथ्यू ग्रिफिनला सांगावं लागलं की गेम खरा आहे, काम चालू आहे, येणार आहे. केकवरून भविष्य काढण्यापेक्षा चौकटीची वही बरी.

२ फेब्रुवारी

सुरुवात मूळ 'हॉलो नाइट'पासूनच, अगदी कोऱ्या सेव्हवर. हा गेम आधी पूर्ण केलेला आहे, पण तेव्हा लक्ष बॉसवर होतं. या वेळी फक्त नकाशाकडे बघतेय.

फॉरगॉटन क्रॉसरोड्समध्ये उतरलं की नकाशाच नसतो. चालताना कुठेतरी जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले दिसतात आणि बारीक आवाजात कुणीतरी गुणगुणतंय असं ऐकू येतं. कपट्यांच्या आणि आवाजाच्या मागाने गेलं की कॉर्निफर सापडतो: चष्मा लावलेला गोल किडा, कागद पसरून नकाशा काढत बसलेला. त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा. तोही अर्धवटच, त्याने स्वतः जेवढं पाहिलं तेवढाच. उरलेला आपण भरायचा, पण त्यासाठी वर डर्टमाउथला त्याच्या बायकोच्या, इसेल्डाच्या दुकानातून १२० जिओला (जिओ हे तिथलं चलन) लेखणी घ्यावी लागते. लेखणी घेतली तरी चालता चालता रेघ उमटत नाही. बाकावर बसल्यावरच नवीन खोल्या नकाशात चढतात. आणि 'मी कुठे आहे' हे दिसायला हवं तर होकायंत्राचा ताईत घ्या, २२० जिओ, शिवाय ताइतांची एक खाच त्यात जाते. म्हणजे लढाईत उपयोगी पडेल असं काहीतरी काढून ठेवायचं, तेव्हा स्वतःची जागा कळणार.

आमच्याकडे साइट मोजायला गेलेला माणूसही असंच करतो. उन्हात टेप धरून आकडे टिपतो आणि सावलीत बसल्यावर रेघा मारतो. बाकाची ही युक्ती ज्याने काढली त्याने कधीतरी हातात टेप धरला असणार, असा माझा उगाच समज आहे.

होकायंत्र न घेता खेळायचं ठरवलंय.

१६ फेब्रुवारी

ग्रीनपाथ वहीत पूर्ण. डीपनेस्टचं पान काळंकुट्ट झालंय, कारण तिथे अंधारात पडायला होतं आणि आपण कुठून पडलो तेच कळत नाही. कॉर्निफर तिथेही आहे, पण त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर नकाशाची गरज संपते. दुष्टपणा आहे आणि मला तो आवडतो.

भाच्याची दहावीची परीक्षा येत्या शुक्रवारी सुरू होतेय, त्यामुळे त्याला यातलं काही सांगायला ताईने मनाई केली आहे.

२ मार्च

मागे गेले. घराण्याच्या नावातला पहिला अर्धा भाग 'मेट्रॉइड'मधून आलाय, १९८६. त्यात नकाशा नाहीच. त्या काळची मुलं कागदावर स्वतःच काढायची. मी तासभर खेळून पाहिला. एकसारख्या उभ्या विहिरी, एकसारखे लाल-निळे दरवाजे, वहीत तिसऱ्यांदा तीच खोली काढतेय की नवीन तेच समजेना. थांबवला. अभ्यास म्हणून मोठा, विरंगुळा म्हणून अजिबात नाही.

'सुपर मेट्रॉइड', १९९४, ही मात्र वेगळी चीज. यात नकाशा आपोआप भरतो, आणि त्या त्या भागातलं नकाशा-केंद्र सापडलं की न पाहिलेल्या खोल्याही दिसू लागतात. तरी काही खोल्या तो मुद्दाम गाळतो. एका खोल विहिरीत अडकले, वर जायला शिडी नाही, काही नाही. तिथे तीन छोटे प्राणी आहेत. ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टणाटण उड्या मारत वर जातात, पुन्हा खाली येतात, पुन्हा जातात. पाटी नाही, संवाद नाही. त्यांच्याकडे बघत बसायचं आणि उडी शिकायची. ही उडी सॅमसला, म्हणजे आपल्या पात्राला, पहिल्यापासून येत असते! कुठलीही वस्तू मिळवावी लागत नाही. वहीतल्या आधीच्या पानांवर जिथे जिथे 'वर रस्ता बंद' लिहिलं होतं तिथे आता पेन्सिलीने प्रश्नचिन्हं टाकतेय.

१३ मार्च

होळी. 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट', १९९७. घराण्याच्या नावाचा दुसरा अर्धा भाग. माझ्याकडे जुना कन्सोल नाही, पण २०२० पासून हा अँड्रॉइड फोनवर मिळतो, म्हणून बसमध्येही खेळता येतो. बोटांनी खेळताना थोडा त्रास होतो, पण चालतं.

इथे एक गोष्ट लक्षात आली ती आधीच यायला हवी असं नाही, पण आली हे बरं. या सगळ्या गेममध्ये ज्याला आपण नकाशा म्हणतो तो प्लॅन नसतोच. तो सेक्शन असतो. इमारत वरून न बघता उभी कापायची आणि कापलेल्या बाजूने बघायची: मजले, जिने, विहिरी, छताची जाडी, सगळं एका कागदावर. ड्रॅक्युलाच्या किल्ल्याचा नकाशा निळ्या चौकोनांचा बनलेला आहे, आणि तो कुठल्याही ऑफिसात 'सेक्शन एए' म्हणून लावला तर खपेल. सेक्शन वाचायची सवय असेल तर गुप्त खोल्या आपोआप दिसतात. दोन खोल्यांमध्ये तीन चौकोनांची भिंत? एवढी जाड भिंत कुणी बांधत नाही. फोडा.

३० मार्च

पाडवा. किल्ला संपला असं वाटलं, आणि मग तो उलटा झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिक्टर या पात्राशी लढताना ठरावीक चष्मा घातला नाही तर गेम तिथेच संपतो आणि बऱ्याच जणांसाठी संपलाच होता. चष्मा घातला तर आकाशात दुसरा किल्ला उघडतो, तोच, पण डोक्यावर उभा. एकूण नकाशा २००.६ टक्के. मी पहिल्या किल्ल्याच्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा गिरवल्या, कागद अर्धा फेरा फिरवला, आणि झाला दुसरा नकाशा तयार. खोल्या जागच्या जागी बसल्या. खालचं डावं प्रवेशद्वार वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलं. जिन्याच्या पायऱ्या छताला लटकल्या. ज्या खोलीत पहिल्यांदा सहज खाली उतरले होते तिथे आता वर चढायला पंख लागतात. एकच ड्रॉइंग दोनदा वापरून दोन इमारती विकल्या त्यांनी, आणि गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या. आमच्या धंद्यात हे जमलं तर काय हवं!

२ एप्रिल

निन्टेंडो स्विच २ चा कार्यक्रम आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला होता. भाचा आता मोकळा आहे, तो येऊन बसला. इतर गेमच्या झलकांच्या गर्दीत हॉर्नेट क्षणभर दिसली, आणि खाली २०२५. बस.

"मावशी, मागे घे, मागे घे!" त्याने तो क्षण पुन्हा पुन्हा थांबवून बघितला. म्हणे मागे घंटा आहे. मला दिसली नाही.

वर्षाअखेरपर्यंत धरून चालू. म्हणजे वहीला भरपूर वेळ आहे.

२० एप्रिल

'ॲनिमल वेल'. या यादीतला माझा सर्वांत लाडका, म्हणून इथे जास्त लिहिणार.

बिली बासो या एका माणसाने सात वर्षं खपून, स्वतःचं इंजिनसुद्धा स्वतः लिहून हा गेम केला. मे २०२४ मध्ये आला. आकार जेमतेम ३५ एमबीच्या आसपास. भाच्याच्या फोनमधला एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो. आपण एक छोटा गोळा. तलवार नाही, बंदूक नाही. फुगे उडवायची कांडी, यो-यो, फ्रिस्बी, जिना उतरणारी स्प्रिंग अशी खेळणी सापडत जातात, आणि प्रत्येकाचा एक सरळ उपयोग आणि दोन-तीन न सांगितलेले. कांडीने फुगा सोडायचा आणि त्यावर उडी मारायची हे कळलं की वहीतलं प्रत्येक पान पुन्हा उघडावं लागतं.

पण मला भावला तो नकाशा. नकाशा पेटीत सापडतो. मग शिक्के सापडतात, ते नकाशावर उमटवायचे. आणि मग पेन्सिल! गेममधल्याच नकाशावर आपण हव्या त्या रेघा मारू शकतो. खूण कशाची करायची, काय महत्त्वाचं, काय नुसती सजावट, याबद्दल गेम तोंडातून अक्षर काढत नाही. अख्ख्या गेममध्ये संवादच नाहीत.

भाचा म्हणाला, "मग तुझ्या वहीची गरजच काय?"

रास्त प्रश्न. प्रत्यक्षात दोन्ही लागले. गेममधली पेन्सिल जाडी आहे. मी वहीत प्रत्येक खोलीमागची चित्रं नोंदवत होते: कुठे भिंतीवर प्राणी कोरलाय, कुठे दिवे किती आणि कसे. त्यातल्या अर्ध्या नोंदींचा पुढे उपयोग झाला. अंडी ६४ आहेत. एक कोडं तर असं की त्याचे तुकडे ५० वेगवेगळ्या खेळाडूंकडे विखुरलेले, एकट्याने ते सुटणं शक्यच नाही. ते लोकांनी कधीच सोडवलंय, त्यामुळे माझ्या नियमाला धक्का न लावता मी ते सोडून दिलं.

सिल्कसाँगची वाट बघणाऱ्या कुणी मला 'एकच सांग' म्हटलं तर मी हा सांगेन. लढाईचा सराव यात काडीचा होणार नाही, खोलीकडे बघायची नजर मात्र तयार होईल.

४ मे

बातमी: मेलबर्नच्या एसीएमआय या संग्रहालयात १८ सप्टेंबरपासून गेमचं प्रदर्शन आहे, त्यात सिल्कसाँग खेळायला ठेवणार. म्हणजे निदान एक तारीख भिंतीवर लागली.

'ब्लास्फेमस' सोडला. स्पेनमधल्या सेव्हिलच्या लोकांनी केलेला, तिथल्या पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांतल्या उंच टोकदार टोप्या शत्रूंच्या डोक्यावर, चित्रं अप्रतिम. नकाशा नेहमीसारखा. लिहिण्यासारखं काही नाही.

१८ मे

'ट्युनिक', २०२२. हा खरं तर या घराण्यातला नाही, 'झेल्डा' या गेम-मालिकेच्या बाजूचा. पण यात नकाशा सूचना-पुस्तिकेच्या पानांतून येतो, पानं विखुरलेली, भाषा न कळणारी, आणि समासात कुणीतरी पेनाने खुणा केलेल्या. शिवाय हा आयसोमेट्रिक, म्हणजे कोपऱ्याकडून तिरका वरून दिसणारा. आयसोमेट्रिक चित्राची खोड कॉलेजात पहिल्या वर्षीच कळते: समोरचा ठोकळा मागचं झाकतो. अँड्र्यू शोल्डिसने तीच खोड धरून गेम रचलाय. बरेच रस्ते पहिल्यापासून उघडे आहेत, फक्त भिंतीच्या मागच्या बाजूने जातात म्हणून दिसत नाहीत. सेक्शनची सवय लागलेल्या डोळ्याला हा चांगला चकवा.

८ जून

'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन', जानेवारी २०२४, युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओचा. पुण्यात बसून याबद्दल लिहिताना दुसरी एक आठवण निघणारच. 'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ करत होते. इथल्या गेमवाल्यांना केवढा आनंद झाला होता! मे २०२२ मध्ये तो माँट्रियलला गेला. त्याचीही वाट बघणं चालूच आहे, पण त्यासाठी वेगळी वही लागेल.

'लॉस्ट क्राउन'कडे येऊ. खेळायला लोण्यासारखा, उड्या नेमक्या, आणि नकाशाच्या बाबतीत इतक्या वर्षांत आलेली सर्वांत कामाची युक्ती याच्याकडे आहे. अडलेल्या जागी एक बटण दाबलं की त्या खोलीचा फोटो निघतो आणि नकाशावर त्या जागी टाचला जातो. महिनाभराने नवीन शक्ती मिळाली की नकाशा उघडायचा, फोटो बघायचा: हां, तो उंच कठडा इथे होता. फोटोंची संख्या मर्यादित, म्हणून कुठला ठेवायचा कुठला काढायचा हा विचार करावा लागतो.

भाचा या युक्तीवर फिदा. "मावशी, हे सगळ्या गेममध्ये पाहिजे. वहीबिही काही नको."

माझं म्हणणं वेगळं आहे. फोटोत सगळं येतं, म्हणून त्यात काय बघायचं ते ठरत नाही. वहीत मी कठडा काढते तेव्हा तो किती चौकटी उंच आहे हे मोजावं लागतं, आणि मोजताना कळतं की दुहेरी उडीने काम भागेल की नाही. पण फोटोची युक्ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. याच गेममध्ये 'गायडेड' नावाचा पर्यायही आहे, त्यात बंद वाटा आणि पुढचं ठिकाण नकाशावर आपोआप दिसतं. पेन्सिल कुणाच्या हातात द्यायची हे इथे खेळणाऱ्यावर सोडलंय. दमून घरी आलेल्या माणसाने गायडेड खेळावा, त्यात कमीपणा नाही.

भाच्यानेच 'राजी' या गेमचं नाव काढलं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमले नाहीत, तरी नेटाने २०२० मध्ये आणला. राजस्थानी वास्तू फार देखण्या. पण सरळ रस्त्याचा गेम आहे, नकाशा काढायला काही नाही. वही बाजूला ठेवून खेळला.

रात्री साडेदहाला एक्सबॉक्सचा कार्यक्रम. नव्या हातातल्या यंत्रासोबत सिल्कसाँग येणार, सणासुदीपर्यंत. ऑस्ट्रेलियाचं संग्रहालय म्हणतंय सप्टेंबर.

२० जुलै

'नाइन सोल्स', तैवानच्या रेड कँडल गेम्सचा. नकाशाला दहापैकी पाच. लढाईला दहापैकी दहा. वार चुकवायचा नाही, अंगावर येऊ द्यायचा आणि नेमक्या क्षणी परतवायचा. वहीत यावर एकच पान आहे आणि त्यावर खोल्या नाहीत, शत्रूंच्या वारांचे ठेके आहेत: एक, दोन, थांब, तीन. हॉर्नेट मूळ गेममधल्या नाइटपेक्षा चपळ असणार हे झलकांवरून दिसतंय, तेव्हा हाताला हा सराव हवाच. ज्यांना फक्त गोष्ट बघायची त्यांच्यासाठी सोपा पर्याय आहे.

पावसाने वीज जाते, लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकते.

२१ ऑगस्ट

आली तारीख! टीम चेरीची चित्रफीत आपल्या वेळेने रात्री आठला लागली. ४ सप्टेंबर. म्हणजे दोन आठवड्यांवर. इतकी वर्षं ताटकळत ठेवून नोटीस एवढीशी.

ब्लूमबर्गमध्ये टीम चेरीच्या एरी गिब्सन आणि पेलनची मुलाखत आली आहे. उशिराचं कारण काही भयंकर नाही. काम अडलं नव्हतं, करताना मजा येत होती, म्हणून गेम वाढत गेला. मूळ गेमच्या दीड कोटी प्रती खपल्यात, तेव्हा घाई करायला लावणारं कुणी नव्हतं. ऑफिसात हे कारण देऊन बघायचा मोह होतोय.

दुसरीकडे छोट्या स्टुडिओंची तारांबळ. ज्यांचे गेम त्याच आठवड्यात यायचे होते त्यातल्या काहींनी आपापल्या तारखा पुढे ढकलल्या. त्यांचीही कुणीतरी वाट बघत असेल.

यादीतले उरलेले रद्द.

४ सप्टेंबर

रिलीज संध्याकाळी साडेसातला, आणि तीच सोसायटीच्या गणपतीच्या आरतीची वेळ. भाचा 'घालीन लोटांगण'ला गिरकी घेताना खिशातून फोन काढत होता, ताईने बघितलं. वर आलो तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं पान उघडेना. जगभर सगळीकडे हेच. पैसे कापले जात नव्हते, गेम कार्टमध्ये जात नव्हता. मोदक खाऊन झाले, पुन्हा प्रयत्न केला, मग मिळाला. स्टीमवर पाच लाखांहून जास्त लोक एकाच वेळी खेळत होते.

आज वही उघडली नाही.

७ सप्टेंबर

विसर्जनाचं जागरण अजून उतरलेलं नाही. तरी नोंद.

फारलूम, सिल्कसाँगमधलं राज्य. सुरुवात मॉस ग्रोटोत, मग बोन बॉटम, मग मॅरो. इथे नकाशा विकणारी शाक्रा आहे, उंच, लढवय्यी. कॉर्निफर गुणगुणायचा, ही खड्या आवाजात गाते. कपट्यांऐवजी तिची कडी भिंतीत रुतलेली दिसतात, त्यांच्या मागाने जायचं. नकाशा, लेखणी, होकायंत्र सगळं तिच्याकडेच. होकायंत्र याही वेळी घेतलं नाही. भाच्याने पहिल्याच भेटीत घेतलं.

काढताना अडचण नवी आहे. हॉर्नेट हवेतून खाली वार करते तो सरळ नाही, तिरका. त्यामुळे एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडत जाण्याच्या जागा आडव्या-उभ्या चौकटीत बसत नाहीत. ऑफिसातला ४५ अंशांचा गुण्या घरी आणलाय. प्रत्येक कठड्याच्या टोकापासून एक तिरपी रेघ मारायची, ती जिथे टेकेल तिथपर्यंत पोचता येतं. दोन ठिकाणी रेघ भिंतीत घुसली, आणि दोन्हीपैकी एका ठिकाणी भिंत पोकळ निघाली.

काही बाक इथे फुकट नाहीत, जपमाळेचे मणी मोजल्याशिवाय बसू देत नाहीत. त्यांना वहीत लाल रंग. मॅरोचं पान उजवीकडे भरत आलंय, जोडायला दुसरं पान चिकटवावं लागेल. भाचा दोन भाग पुढे आहे आणि मला काहीही सांगायचं नाही असं त्याला बजावून ठेवलंय.